उघड्या विटांचा मोह

गेल्या मे महिन्यात आजोळी गेले, तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच धुरळा दिसत होता. आमचे आजोळ औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जुन्या शहरात आहे. जोत्यापर्यंत काळा दगड आणि वर चुन्यात बांधलेली पातळ वीट असे ते घर नानीच्या सासऱ्यांच्याही आधीचे. अंगणात दोन मजूर ब्रेकर मशीन लावून भिंतीचा गिलावा पाडत होते. नानी तोंडावर दुपट्टा धरून बाजेवर बसली होती. माझा मामेभाऊ मात्र खुशीत होता.

"आपा, ही वीट बघ! इतकी वर्षे लोकांनी दाबून ठेवली होती. तू तर इतिहास शिकवतेस. खरा इतिहास आता दिसतोय की नाही?"

पुण्यातल्या कुठल्याशा हॉटेलात त्याने अशा उघड्या विटांच्या भिंती पाहिल्या होत्या. घर विकायचे नाही, पण ते 'हेरिटेज' दिसले पाहिजे, अशी त्याची इच्छा. हेतू वाईट नव्हता. मीही त्या दिवशी त्या लालसर विटांच्या ओळी पाहून हरखून गेले आणि मोबाइलवर फोटो काढले. हे आधीच कबूल करते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते शहाणपण मला तेव्हा नव्हते.

पावसाळा संपल्यावर दिवाळीच्या सुटीत पुन्हा गेले. उन्हाळ्यात देखणी वाटलेली भिंत खालून अडीच-तीन फुटांपर्यंत काळपट आणि ओली झाली होती. विटांवर पांढरा लोणा फुटला होता. बोट लावले की भुगा बोटाला लागे. नानी रोज सकाळी भिंतीच्या पायथ्याशी पडलेली लाल भुकटी सुपलीत भरत होती. मला बघून तिने सुपली पुढे केली, "ये ले बेटी, तेरी तवारीख का आटा!"

नानीच्या त्या टोमण्यानेच मला या विषयात वाचायला लावले.

आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या घराच्या दोन भिंतींवर दोन वेगळे गिलावे होते. अंगणाकडचा गिलावा मूळचा, चुन्याचा. गल्लीकडच्या भिंतीवर मात्र १९८६ साली नानांनी सिमेंटचे प्लास्टर करून घेतले होते. मामेभावाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, विटेवरचा 'पडदा'. मशीनने दोन्ही एकाच झपाट्यात पाडले. आणि घात नेमका तेथेच झाला.

आमच्या घरातल्या विटेच्या जातीची वीट उत्तरेत 'लखौरी' या नावाने ओळखली जाते. आजच्या विटेच्या मानाने ती फारच पातळ, साधारण इंचभर जाडीची. मोगलांच्या काळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत दिल्ली, आग्रा, लखनौ, लाहोरकडची घरे, मशिदी, हमामखाने या विटेने बांधले गेले. पुढे इंग्रजांच्या सार्वजनिक बांधकाम खात्याची मोठी, ठरावीक मापाची वीट आली आणि लखौरीच्या भट्ट्या थंडावल्या. पातळ विटेचा एक फायदा असा, की तिच्यामध्ये चुन्याच्या दरजा जास्त येतात, त्यामुळे कमान, घुमट, गोल खांब हवे तसे वळवता येतात. म्हणजे भिंतीत वीट जेवढी, जवळजवळ तेवढाच चुना. आणि भिंत उभी राहिली की बाहेरून, आतून चुन्याचा गिलावा. वीट ही भिंतीचे हाड होती. ती लोकांना दाखवण्यासाठी रचलेलीच नव्हती.

दिल्लीच्या बल्लीमारान भागातल्या गली कासिम जान येथील मिर्झा गालिब यांची हवेली उर्दू शिकणाऱ्या प्रत्येकाला निदान चित्रातून तरी परिचित असते. गालिब यांनी आयुष्यात स्वत:चे घर कधी घेतले नाही, ते भाड्याच्या घरांतच राहिले. पावसाळ्यात छत कसे गळते, कुठे कुठे भांडी ठेवावी लागतात, याच्या तक्रारी त्यांच्या पत्रांत आहेत. १५ फेब्रुवारी १८६९ रोजी ते गेले. त्यांच्या हवेलीत पुढे दुकाने आली, कारखाना आला. अखेर १९९९-२००० च्या सुमारास सरकारने तिचा काही भाग ताब्यात घेऊन लखौरी विटा वापरून तो दुरुस्त केला आणि तेथे स्मारक केले. आज आपण आत जातो तेव्हा उघड्या विटांच्या कमानी दिसतात आणि वाटते, गालिब यांनी हेच पाहिले असेल. पण त्या काळातल्या अशा घराच्या भिंती चुन्याने लिंपलेल्या, दर सणाला सफेदी केलेल्या असत. आपल्याला जो 'जुना काळ' वाटतो तो आपल्याच काळाचा शौक आहे. स्मारक झाले याचा आनंद आहेच. तरी मला राहून राहून वाटते, की तेथे निदान एक भिंत पांढरी असायला हवी होती.

लखनौला याहून मोठी फसगत होते. काही वर्षांपूर्वी आम्ही चार शिक्षिका तेथे गेलो होतो. रेसिडेन्सीच्या पडक्या इमारतींपुढे सगळ्यांनी फोटो काढले, कारण त्या उघड्या लखौरी विटा फोटोत फार छान येतात. १८५७ साली या इमारतींना जवळजवळ पाच महिने वेढा होता. तोफगोळ्यांनी त्या फुटल्या. पुढे इंग्रजांनी त्या मुद्दाम तशाच, पडक्या ठेवल्या, आपल्या माणसांची आठवण म्हणून. १९४७ पर्यंत तेथे त्यांचा झेंडा रात्रंदिवस फडकत असे. वेढ्यापूर्वी त्याच भिंती गिलावा केलेल्या होत्या. म्हणजे आपण ज्याला नवाबी लखनौचा रंग समजतो, तो एका जखमेचा रंग आहे. आता तो रंग हॉटेलांच्या भिंतींवर आला आहे!

खरे नवाबी काम पाहायचे तर आसफी इमामबाड्यात पाहावे. १७८४ च्या दुष्काळात नवाब आसफुद्दौला यांनी लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून तो सुरू केला. सुमारे ५० मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असे मधले दालन, वर कमानीचे छत, त्याला लाकडी किंवा लोखंडी तुळईचा आधार नाही. सगळे वीट आणि चुना. अवधच्या आसपास चांगला दगड नव्हता, आग्र्यासारखा संगमरवर आणणे परवडणारे नव्हते. म्हणून तिथल्या कारागिरांनी गिलाव्यातच वेली, फुले, महिरपी आणि अवधचे ते जोडमासे कोरले. दगड जे काम करतो ते त्यांनी चुन्याकडून करून घेतले.

हीच गोष्ट टीकाकारांना खटकली. जेम्स फर्ग्युसन या स्कॉटिश लेखकाचा हिंदुस्थानी वास्तुकलेवरचा मोठा ग्रंथ १८७६ साली निघाला. त्यात लखनौच्या इमारतींवर त्याने फार तुच्छतेने लिहिले आहे. त्या तुच्छतेमागे राजकारण होते. १८५६ साली अवधचे राज्य खालसा केले, ते 'नवाब नालायक होते' असे सांगून. मग त्यांच्या इमारतीही दिखाऊच ठरायला हव्या होत्या. पण त्याला दुसरेही एक कारण होते, आणि ते खुद्द विलायतेतल्या वादात सापडते.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस विटांच्या घरांवर गिलावा करून ती दगडी दाखवण्याची लाट आली. १७९६ साली जेम्स पार्कर याने 'रोमन सिमेंट' नावाच्या मालाचे पेटंट घेतले. त्याचा रोमशी काही संबंध नव्हता, नाव फक्त खपासाठी. मग जॉन नॅश या वास्तुकाराने लंडनच्या रीजंट्स पार्कभोवती घरांच्या लांबच लांब रांगा उभ्या केल्या. आत वीट, बाहेर गिलावा आणि त्यावर दगडाच्या सांध्यांसारख्या रेघा. नॅशवर थट्टेची पद्ये छापून आली. १८४९ साली जॉन रस्किन याने वास्तुकलेवरच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात अशा रेघा ओढलेल्या गिलाव्याला सरळ असत्य म्हटले. माझ्या मामेभावाने रस्किनचे नावही ऐकलेले नाही, पण 'गिलावा म्हणजे खोटेपणा, वीट म्हणजे खरेपणा' हे त्याचे मत पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या त्या वादातूनच हळूहळू झिरपत आलेले आहे.

आता गंमत पाहा. रस्किनला गुरू मानणारा विल्यम मॉरिस, कवी आणि कारागीर, यानेच १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. कारण काय? त्या काळात 'जीर्णोद्धार' करणारे लोक जुन्या चर्चचा गिलावा खरवडून आतला ओबडधोबड दगड उघडा करत होते आणि याला मूळ रूप म्हणत होते. मॉरिसने म्हटले, हा उद्धार नाही, ही नासधूस आहे. त्या संस्थेला लोक 'अँटी-स्क्रेप', म्हणजे खरवडण्याविरुद्धची मंडळी, असे गमतीने म्हणत. ती संस्था अजूनही काम करते.

आपल्याकडच्या कारागिरांना असला प्रश्न कधी पडलाच नसावा. लाहोरच्या वझीर खान मशिदीचे काम १६३४ च्या सुमारास सुरू झाले. तेथे एक प्रकार आहे, 'ताजाकारी'. विटेच्या भिंतीवर पातळ गिलावा करायचा, तो विटेच्या रंगाने रंगवायचा आणि त्यावर पांढऱ्या रेघांनी विटांचे सांधे काढायचे. म्हणजे वीट दाखवायची हौस झाली तरी आधी ती झाकायची आणि मग तिचे चित्र काढायचे! रस्किनने हे पाहिले असते तर कपाळाला हात लावला असता.

आमच्या शहरापुरते बोलायचे तर बीबी का मकबरा आहेच. १६६०-६१ च्या सुमाराचा. दारावर अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपत राय हा स्थापत्यकार अशी दोघांचीही नावे आहेत. संगमरवर भिंतींच्या खालच्या भागापुरता आणि घुमटाला, बाकी बरेचसे काम घोटून गुळगुळीत केलेल्या पांढऱ्या गिलाव्याचे. लहानपणापासून ऐकत आले, 'गरिबाचा ताज'. सहलीला आलेली मुलेही तेच म्हणतात आणि गाइडही तेच सांगतात. साडेतीनशे वर्षे मराठवाड्याचे ऊन आणि पाऊस खाल्लेल्या त्या गिलाव्याकडे कारागिरी म्हणून कोणी पाहतच नाही. मुलांना तेथे नेते तेव्हा मी आता आधी दहा मिनिटे गिलाव्यावरची नक्षी बघायला लावते, ताजमहालाचे नाव नंतर.

पण हा सगळा चुन्याचा गिलावा झाला. सिमेंटची गोष्ट वेगळी. १८२४ साली लीड्स शहरातल्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने 'पोर्टलँड सिमेंट'चे पेटंट घेतले. आपल्याकडे १९०४ साली मद्रासला छोटा प्रयत्न झाला, तो टिकला नाही. १९१४ पासून पोरबंदरचे सिमेंट बाजारात आले. तरी सामान्य माणसाच्या घरापर्यंत ते पोहोचायला फार वर्षे लागली. सिमेंट परमिटवर मिळे. त्याच्या वाटपावरून १९८१-८२ साली महाराष्ट्राचे राजकारण कसे ढवळून निघाले, हे जुन्या वाचकांना सांगायला नको. १९८२ साली नियंत्रण काही अंशी उठले, १९८९ साली पूर्ण उठले. आमच्या नानांचे १९८६ चे प्लास्टर या मधल्या काळातले. नानी सांगते, त्या दिवशी मोहल्ल्यात पेढे वाटले होते. दर वर्षीची सफेदी सुटली, घर 'पक्के' झाले, असे सगळ्यांना वाटले. नानांना दोष कसा द्यावा? सरकारी खातीसुद्धा तेच करत होती.

जुन्या विटेला सिमेंट का मानवत नाही, हे मला आमच्या शहरातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याने समजावले. मामूंनी दिवाळीनंतर त्यांना बोलावून आणले. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. वडिलांच्या हाताखाली लहानपणी त्यांनी चुन्याच्या घाणीवर काम केले होते. बैल दगडी चाक ओढी आणि चरात चुना, वाळू, सुरखी तासन् तास मळली जाई. सुरखी म्हणजे विटेची बारीक भुकटी. ती घातली की चुना ओलाव्यातही धरतो. गूळ, बेलफळाचे पाणी, उडदाचे पाणी हे घालण्याच्याही प्रत्येक गावाच्या आपापल्या रीती होत्या.

उस्तादांनी भिंतीवर पंजा टेकवला आणि म्हणाले, "बेटी, यह दीवार पानी पीती है. पीने दो. मगर फिर सूखने भी दो."

त्यातले शास्त्र असे आहे. जुनी वीट मऊ आणि सच्छिद्र असते. जमिनीतली ओल आणि पावसाचे पाणी तिच्यात शिरतेच. चुन्याचा गिलावाही सच्छिद्र, त्यामुळे पाणी त्यातून वाफ होऊन निघून जाते. पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यात साठतात, काही वर्षांनी गिलावा फुगतो, पडतो, तेवढाच भाग पुन्हा लावायचा. मार गिलावा खातो, वीट शाबूत राहते. सिमेंट मात्र घट्ट आणि ताठ. जुनी भिंत उन्हापावसात किंचित हलते, सिमेंट हलत नाही, मग त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. भेगांतून पाणी आत जाते, पण परतीची वाट बंद. क्षार विटेच्या पोटातच स्फटिक होऊन बसतात आणि विटेचा दर्शनी भाग पोखरून टाकतात. बाहेरून प्लास्टर ठणठणीत दिसते, आत विटेचे पीठ होत असते.

म्हणून सिमेंट काढणे चूक नव्हते, काढण्याची पद्धत चूक होती. भट्टीतून निघालेल्या विटेला बाहेरून एक टणक कातडी असते. ब्रेकरने सिमेंटबरोबर ती कातडीही ओढून काढली. वाळूचा मारा करून भिंत साफ करणारे लोकही तेच करतात, फक्त लवकर. आणि अंगणाकडचा चुन्याचा गिलावा तर काढायलाच नको होता. तो फक्त चार ठिकाणी फुगला होता.

दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्याचे मोठे काम २००७ ते २०१३ या काळात आगाखान ट्रस्टने पुरातत्त्व खात्याबरोबर केले. विसाव्या शतकातल्या दुरुस्त्यांत त्याच्या छतावर काँक्रीटचे थरावर थर चढले होते. ते सगळे, सुमारे १० लाख किलो, माणसांनी हाताने काढले. मशीनच्या धक्क्यांनी खालची इमारत हादरू नये म्हणून. भिंतींवरचे सिमेंटही काढले आणि पुन्हा चुन्याचाच गिलावा केला. मी तो मकबरा त्यानंतर पाहिला. ते पांढरे, नवेकोरे गिलावे बघून आधी मलाही खटकले होते, जुनेपण गेले असे वाटले होते. नानीच्या सुपलीने माझा तो समज उतरवला.

उस्तादांनी आमच्या भिंतीवर पहिले काम केले ते नखाचे आणि खिळ्याचे. खिळ्याने ओरखडा काढला की चुना भुरभुरतो, सिमेंट फक्त चमकते. मग हातोडीच्या दांड्याने ठोकत गेले. पोकळ वाजले तेथे खडूने खूण. अंगणाच्या भिंतीला ओल कोठून येते, हे त्यांनी त्याआधीच शोधले होते. पन्हळ फुटलेली होती आणि अंगणातल्या नव्या फरशीचा उतार भिंतीकडेच होता. "पहले पानी का बंदोबस्त, फिर दीवार," असे म्हणून त्यांनी पहिल्या आठवड्यात भिंतीला हातच लावला नाही. मामेभाऊ वैतागला. त्याने पन्हळ बदलली, भिंतीलगतच्या फरशीची एक ओळ उखडली आणि तेथे वाळू भरली. कोरड्या ब्रशने लोणा झाडून काढला. पाण्याने धुवायला उस्तादांनी सक्त मनाई केली, कारण धुतला तर तो विरघळून पुन्हा आतच जातो.

भुगा झालेल्या काही विटा बदलाव्या लागतील. तशी पातळ वीट आता कोण भाजतो? शेजारच्या गल्लीत एक पडके घर पाडत होते, तेथून दोन गाडे विटा आणल्या. मामू म्हणाले, "एकाचे मयत, दुसऱ्याचा इलाज." गिलावा एकदम जाड लावायचा नाही. पातळ थर, तो आवळला की दुसरा, आणि मधल्या काळात ओल्या गोणपाटाने झाकून ठेवायचा. चुना सिमेंटसारखा एका रात्रीत कडक होत नाही. दगड भट्टीत भाजून केलेला तो चुना हवेतला कर्बवायू शोषून सावकाश पुन्हा दगड होतो. घाई केली की तडकतो.

कळीचा चुना अंगणातल्या जुन्या हौदात भिजत घातला आहे. निदान महिनाभर तरी मुरला पाहिजे, असा उस्तादांचा हुकूम. मामेभाऊ रोज झाकण उघडून बघतो. त्याची एक अट मात्र मामूंनी मान्य केली. जिन्याखालची आतली भिंत, जिथे पाऊस पोहोचत नाही, ती उघड्या विटांची राहील.

गल्लीकडच्या भिंतीवर दाराच्या वर सिमेंटचा हातभर तुकडा ब्रेकरमधूनही वाचला होता. उस्तादांनी तेथे ठोकून पाहिले. आवाज भरीव आला. "इसको मत छेड़ो, ईंट के साथ आएगा," ते म्हणाले. जो घट्ट धरून आहे तो ओढायचा नाही, हा त्यांचा कायदा. नानीने वर पाहिले आणि बराच वेळ पाहत राहिली. त्या तुकड्यावर, ओल्या सिमेंटमध्ये काडीने लिहिलेले, नानांच्या हातचे उर्दू आकड्यांतले १९८६ आहे.